क्रमांक सत्त्याऐंशी

रविवारी दहाला मी कुलूप काढते.
किल्ली माझ्याकडे, कारण घर जवळ.
चिटणीसपद माझ्याकडे,
कारण त्या सभेला मी गैरहजर होते.

सभासद कागदावर एकोणीस.
वर्गणी देणारे नऊ. झाडू धरणारे तीन:
मी, भूपाल चौगुले, दस्तगीर मुल्लाणी.
खोली तालमीनं दिली, बिनभाड्याची,
अट एकच, गणपतीपर्यंत ताशे आत ठेवायचे.
एकदा चुकून ताशांनाही क्रमांक पडले.
ते खोडायला ठराव करावा लागला.

येतं कोण?
पत्ता विचारणारे. झेरॉक्स आहे का म्हणणारे.
भाचरं घेऊन आलेला एखादा मामा
ओगराळ्यापुढं उभा राहून साफ चुकीचं सांगतो,
मी गप्प बसते.
सांगतोय तरी.

तेहतीस वर्षं टेलिफोन खात्यात काढली
‘होल्ड करा, लावून देते’ म्हणत.
इथं फार वेगळं काही करत नाही.

पाणी जामदार क्लबपाशी आलं त्या रात्री
आम्ही म्हणालो, येऊन येऊन किती येईल?
एकोणनव्वदला पायरीला लागून परत गेलं होतं,
तशी नोंद आहे आमच्याकडं.
पाण्यानं नोंद वाचली नव्हती.

दस्तगीरनं छातीभर पाण्यातून पेट्या माळ्यावर चढवल्या.
बंब, मोटेचं चाक, छापखान्याचे खिळे,
आणि हात भरलेले म्हणून
सात पगड्या एकावर एक स्वतःच्या डोक्यावर.
बोटवाले बाहेरून ओरडले, “आधी माणसं काढा!”
“काढतोय की,” हा म्हणाला, “सात हैत.”

वस्तू राहिल्या. चिठ्ठ्या गेल्या.
शाई माझी, पाच रुपयांच्या पेनातली.
नोंदवहीची पानं एकमेकींना अशी चिकटली
की सोलताना हिचं अक्षर तिच्या अंगावर.

चिखल धुऊन सगळं तालमीच्या पटांगणात मांडलं
आणि दुसऱ्यांदा बारसं घातलं, चहा घेत घेत.
अडकित्ता सोपा. चिपटं सोपं.
नालावरून जरा भांडण झालं, घोड्याचा की बैलाचा.
शेवटी एक उरलं:
वीतभर शिसवी लाकूड, मधे खाच,
एका टोकाला भोक,
भोकाची कड दोरीनं घासून गुळगुळीत.

भूपाल उद्यमनगरात चाळीस वर्षं पॅटर्न करायचा.
“साच्याचं न्हाई. साच्याला ढाळ देत्यात, हे सरळ हाय.”
सुभाषनगरचा कृष्णात वास घेऊन म्हणाला, चामड्याच्या कामाचं नव्हे.
गुऱ्हाळवाल्यानं नुसती मान हलवली.
चौथीतल्या एका मुलीनं खाचेत माझा मोबाईल ठेवला.
बसला.

मग मी कार्ड लिहिलं, या खेपेला तैलरंगानं:
‘क्र. ८७. काय आहे माहीत नाही.
माहीत असल्यास सांगावे.’

आता लोक तिथंच थांबतात.
नाव असलेल्या वस्तूंपुढून चालत येतात
आणि बिननावाच्या वस्तूपाशी पिशवी खाली ठेवतात.
हुसेनबी अत्तार पाऊण तास ते मांडीवर घेऊन बसल्या.
म्हणाल्या, हे नाही बाई माहीत,
पण असंच एक आमच्या दारात पडलेलं असायचं,
थोरला भाऊ त्यानं चिंचोके फोडायचा.
भावाचं नाव विचारलं.
त्यांना ते आठवायला लागलं नाही,
उच्चारायला वेळ लागला.
वही क्रमांक दोन त्या दिवशी सुरू झाली.

मार्चअखेर हिशेब तपासायला वडगावकर आले.
घाईत होते, अजून तीन ट्रस्ट बाकी.
डेडस्टॉकवर बोट फिरवत थांबले.
“सत्त्याऐंशीची किंमत?”
एक रुपया. सगळ्यांचीच.
“उपयोग?”
माहीत नाही.
त्यांनी रकान्यात आडवी रेघ मारली, सही केली,
शिक्का दोनदा मारला कारण पहिला उठला नाही,
दाराशी गेले, चपला घातल्या,
काढल्या.

“बाई, ते लाकूड जरा
इकडं द्या बघू.”